टो रेटिंग नंतर बघा, आधी दाराचं स्टिकर वाचा

इथे अमेरिकेत मिडसाइझ पिकअप घेतलेल्या आपल्या मराठी मित्रांचा फोन आला की प्रश्न ठरलेला असतो, "अरे माझ्या ट्रकचं टो रेटिंग (ओढायची मर्यादा) 6,400 पौंड आहे, मग 5,500 चा कॅम्पिंग ट्रेलर आरामात जाईल ना?" डीलरकडचा माणूस हो म्हणालेला असतो, ट्रेलर विकणारा तर हो म्हणणारच, आणि घरी मुलांनी बंक बेडवर कोण वर कोण खाली झोपणार हे पण ठरवून टाकलेलं असतं. म्हणून एकदाच सविस्तर लिहून ठेवतोय.

ओढायचं म्हणाल तर ट्रक ओढेल. आजकालच्या टॅकोमा, रेंजर, कोलोराडोची इंजिनं त्यात कमी पडत नाहीत. अडतं ते वजन पेलण्यात. ट्रेलरच्या पुढच्या टोकाचं वजन हिचच्या (ट्रकमागच्या जोडाच्या) बॉलवर, म्हणजे ट्रकच्या पाठीवर येतं, त्याला टंग वेट म्हणतात, आणि ट्रॅव्हल ट्रेलरसाठी ते भरलेल्या ट्रेलरच्या 10 ते 15 टक्के असायलाच लागतं. कमी ठेवून चालत नाही, त्यावर खाली लिहितो. हे सगळं वजन ट्रकच्या पेलोडमधून, म्हणजे ट्रक स्वतःवर जेवढं वजन पेलू शकतो त्यातून, जातं, आणि मिडसाइझ ट्रकमध्ये पेलोड आधीच कमी असतो.

तर आता उठा, ट्रकचं ड्रायव्हरचं दार उघडा आणि दाराच्या चौकटीवर पिवळ्या-पांढऱ्या रंगाचं टायर प्रेशरचं स्टिकर आहे ना, ते बघा. त्यावर लिहिलेलं असतं की माणसं आणि सामान मिळून इतक्या पौंडांच्या वर जाऊ नका. तो तुमच्या ट्रकचा पेलोड. ब्रोशरमधला आकडा तुमचा नाही, वेबसाइटवरचा नाही, शेजाऱ्याच्या सेम मॉडेलचा पण नाही, कारण सनरूफ, फोर व्हील ड्राइव्ह, लेदर सीट, प्रत्येक गोष्टीने तो बदलतो. आणि नंतर तुम्ही स्टेप बार लावले, मागे टॉपर (झाकण) बसवला, तर त्यांचं वजनही त्याच आकड्यातून वजा.

माझ्या टॅकोमाच्या दारावर 1,120 आहे. आता हिशेब बघा. आम्ही चौघं, मी, बायको, दोन मुलं, मिळून 460. उरले 660. वेट डिस्ट्रिब्युशन हिच (वजन चाकांवर वाटून देणारा, स्प्रिंग बारवाला जोड) स्वतःच 80 पौंडांचं लोखंड आहे, उरले 580. मागे बेडमध्ये (ट्रकच्या मागच्या सामानाच्या भागात) छोटा जनरेटर, कूलर, खुर्च्या, लाकडाचे ठोकळे, टूलबॉक्स, हे सगळं मनाला आवर घालून 150 मध्ये बसवलं तर राहिले 430. म्हणजे माझ्या ट्रकला 430 पौंडांपर्यंतच टंग वेट पेलतं, आणि ते 12-13 टक्के धरलं तर भरलेला ट्रेलर साधारण 3,300 ते 3,500 पौंडांचा. टो रेटिंग 6,400! त्या 6,400 चे 13 टक्के काढा, 832 होतात, त्यात आम्ही चौघं आणि हिच मिळवा, 1,372, म्हणजे बेडमध्ये साधी पाण्याची बाटली न ठेवता 252 पौंड जास्त. दोन्ही आकडे एकाच कंपनीने एकाच ट्रकला दिलेले आहेत आणि दोन्ही खरे आहेत, फक्त टो रेटिंग काढताना गाडीत 150 पौंडांची दोनच माणसं धरलेली असतात. ती टेस्ट काही हलकी नसते हां, एसएई जे2807 नावाचं स्टँडर्ड आहे, त्यात ॲरिझोनातल्या डेव्हिस डॅमचा 11.4 मैलांचा चढ फुल एसी लावून चढावा लागतो आणि साध्या पिकअपचा स्पीड ताशी 40 मैलांच्या खाली गेलेला चालत नाही. म्हणजे इंजिन, गिअरबॉक्स, रेडिएटरबद्दल तो आकडा विश्वास ठेवण्यासारखाच आहे. तुमच्या घरात किती माणसं आहेत हे मात्र त्याला माहीत नाही.

भारतातून आई-बाबा आले की हा हिशेब परत बदलतो. मग आम्ही दोन गाड्या काढतो, बायको, आई आणि मुलं कारमध्ये, ट्रकमध्ये मी आणि बाबा. बाबांना ट्रकचीच सीट हवी असते आणि ट्रकलाही ते सोयीचंच पडतं.

दुसरी गोष्ट, ट्रेलरच्या जाहिरातीत जो 'ड्राय वेट' (रिकाम्या ट्रेलरचं वजन) मोठ्या अक्षरात असतो त्यावर ट्रेलर निवडू नका, कारण त्या वजनाचा ट्रेलर कॅम्पग्राउंडला कधीच पोचत नाही. पाणी एका गॅलनला 8.3 पौंड, म्हणजे 30 गॅलनची टाकी भरली की 250 पौंड तिथेच गेले. प्रोपेनचे दोन 20 पौंडी सिलेंडर भरले की मिळून 75 च्या आसपास, बॅटरी 50 च्या आसपास, आणि गंमत म्हणजे सिलेंडर आणि बॅटरी बहुतेक ट्रेलर्समध्ये अगदी पुढे टंगवरच बसवलेले असतात, म्हणजे त्यांचं वजन जवळजवळ सगळं टंग वेटमध्येच. मग भांडी, अंथरुणं, कपडे, प्रेशर कुकर, तांदूळ-डाळी, मुलांच्या सायकली, होज, लेव्हलिंग ब्लॉक. आमच्या ट्रेलरचं ड्राय वेट 2,800 आणि आम्ही निघतो तेव्हा 3,400 च्या वर असतो, आणि आम्ही सामान कमी नेणाऱ्यांतले आहोत. तुम्ही ट्रेलर बघताना ड्राय वेटमध्ये किमान 600-700 मिळवा, किंवा सरळ ट्रेलरच्या जीव्हीडब्ल्यूआरवर (भरलेल्या ट्रेलरच्या वजनाची कंपनीने दिलेली कमाल मर्यादा) हिशेब करा, ते सगळ्यात सुरक्षित.

आणि हे अंदाज पक्के करायचे असतील तर कॅट स्केल नावाच्या वजनकाट्यावर जा. मोठ्या ट्रक स्टॉपवर असतो, मालवाहू ट्रकवाले रोज वापरतात, पण आपण गेलो तरी कोणी काही म्हणत नाही, थोडेच डॉलर लागतात. तीन वेगळ्या प्लेट असतात, पहिलीवर ट्रकची पुढची चाकं, दुसरीवर मागची, तिसरीवर ट्रेलर, खांबावरचं बटण दाबायचं, आतून आवाज येतो, नंबर विचारतात, तुम्ही 'फर्स्ट वे' (पहिलं वजन) म्हणायचं. आधी हिचचे स्प्रिंग बार लावून, मग बार काढून, मग ट्रेलर बाजूला पार्क करून नुसत्या ट्रकचं. आमचं असं आलं: नुसता ट्रक, सगळे आत बसलेले, पुढे 2,700, मागे 2,460. ट्रेलर जोडला, बार न लावता, पुढे 2,540, मागे 3,040. म्हणजे मागे 580 वाढले आणि पुढचे 160 गेले, फरक 420, तेच टंग वेट. हे पुढचे 160 गेले त्याकडे नीट बघा, स्टिअरिंग आणि ब्रेकिंग दोन्ही पुढच्या चाकांवर असतं आणि मिडसाइझ ट्रकचा व्हीलबेस लहान असल्याने मागे वजन पडलं की पुढचं नाक लगेच उचललं जातं, हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यात जातात, आणि हायवेवर स्टिअरिंग हलकं लागायला लागतं.

मग बार लावून वजन केलं तेव्हा पुढे 2,620, मागे 2,920, ट्रेलरच्या ॲक्सलवर थोडं वाढलं. वेट डिस्ट्रिब्युशन हिच एवढंच करतो, मागच्या चाकांवर आलेलं वजन थोडं पुढे आणि थोडं ट्रेलरकडे पाठवतो. ट्रकचा पेलोड वाढवत नाही, टो रेटिंग वाढवत नाही, हे ठळक अक्षरात लिहायला हवं कारण दुकानात उलटंच सांगणारे भेटतात. ट्रकवर एकूण 5,540 आले आणि माझ्या ट्रकची मर्यादा 5,600, म्हणजे 60 पौंड खाली. एवढ्याशा ट्रेलरला! म्हणूनच 5,500 पौंडांच्या ट्रेलरचं कोणी विचारलं की माझं उत्तर नाही असतं.

हिच बसवताना ट्रेलर जोडायच्या आधी पुढच्या चाकावर फेंडरची उंची टेपने मोजा, जोडल्यावर मोजा, बार लावून परत मोजा. पुढची उंची किती परत यायला हवी हे तुमच्या ट्रकच्या मॅन्युअलमध्ये असतं, काही कंपन्या निम्मी म्हणतात, काही पूर्ण, तेच धरा. रिसीव्हरवरही (ट्रकमागे हिच जिथे घालतात ती चौकोनी नळी) एक स्टिकर असतं, त्यावर वेट डिस्ट्रिब्युशन हिच असेल तर किती आणि नसेल तर किती असे दोन आकडे असतात, ते पण वाचा. बार चढवायला जोर लावावा लागतोय असं वाटलं तर आधी ट्रेलरचा जॅक वर घ्या, बॉलला कपलर (ट्रेलरचं बॉलवर बसणारं तोंड) लॉक केलेल्या अवस्थेतच, ट्रकची शेपूट वर येते आणि बार हाताने सहज बसतो.

आता टंग वेट कमी ठेवून का चालत नाही ते. पेलोड वाचवायला काही जण जड सामान ट्रेलरच्या मागच्या भागात भरतात, सायकलचा रॅक मागच्या बंपरला लावतात, आकडा कमी होतो आणि ट्रेलर डोलायला लागतो. मोठा सेमी (मालवाहू ट्रक) बाजूने ओव्हरटेक करून गेला की हवेचा धक्का बसतो, ट्रेलरची शेपूट एका बाजूला जाते, परत येते, आणि दर वेळी थोडी जास्त जाते, ट्रेलर जड आणि ट्रक हलका असेल तर शेवटी ट्रेलरच ट्रकला फिरवतो. असं सुरू झालं तर ट्रकचा ब्रेक दाबायचा नाही, स्टिअरिंग उलटसुलट फिरवायचं नाही, सरळ धरायचं, गॅसवरून पाय काढायचा आणि डॅशबोर्डखाली ब्रेक कंट्रोलरची जी पट्टी असते ती हाताने दाबायची म्हणजे फक्त ट्रेलरचे ब्रेक लागतात आणि तो मागे ताणला जाऊन सरळ होतो. तो हात तिथे न बघता गेला पाहिजे, बंद गाडीत बसून सराव करा, बायकोलाही शिकवा कारण ती पण चालवणार.

ब्रेक कंट्रोलर हा ऑप्शन नाही. बहुतेक राज्यांत 3,000 पौंडांच्या वर ट्रेलरला ब्रेक कायद्यानेच लागतात, काही ठिकाणी त्याच्याही खाली. बऱ्याच मिडसाइझ ट्रकमध्ये कंट्रोलर फॅक्टरीतून येत नाही, सात पिनांचं कनेक्टर असतं पण कंट्रोलर वेगळा बसवावा लागतो. गेन (ट्रेलरचे ब्रेक किती जोरात लागावेत ती सेटिंग) सेट करायला रिकामं पार्किंग लॉट गाठा, 25 च्या स्पीडला पट्टी पूर्ण दाबा, ट्रेलरची चाकं लॉक होत असतील तर थोडं कमी करा, झालं. भरलेल्या ट्रेलरला करा, रिकाम्याला केलं तर घाटात कमी पडेल.

घाटाचं म्हणाल तर रॉकीजमध्ये जाणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा, टर्बो नसलेलं इंजिन दर हजार फुटांना साधारण 3 टक्के ताकद गमावतं. आय-70 वरचा आयझेनहॉवर टनेल 11 हजार फुटांच्या वर आहे, तिथपर्यंत 278 हॉर्सपॉवरच्या व्ही6 चे 190 च्या आसपास उरतात. इंजिन 4-5 हजार आरपीएमवर ओरडतं, ओरडू द्या, ते त्यासाठीच बनलंय, उजव्या लेनमध्ये सेमींच्या मागे 40-45 ने जा, टेम्परेचरवर नजर ठेवा. टर्बोवाल्यांना हा त्रास कमी. उतरताना मात्र सगळ्यांना सारखंच, टो मोड लावा, उतार सुरू व्हायच्या आधीच खालचा गिअर, आणि ब्रेक सतत घासत न ठेवता जोरात थोडा वेळ दाबून सोडून द्यायचा.

सपाटीवर मी 62-63 च्या वर जात नाही. ट्रेलरची उभी भिंत हवा कापत जाते आणि हवेचा विरोध स्पीडच्या वर्गाने वाढतो, 60 वरून 70 ला गेलात की तो 36 टक्के वाढला, मायलेज तर दिसतंच पण खरी काळजी टायरची आहे, ट्रेलरचे बरेच एसटी टायर 65 पर्यंतच रेट केलेले असतात. कॅलिफोर्नियात तर ट्रेलर ओढताना मर्यादाच 55 आहे. टायरची नक्षी चांगली दिसली तरी पाच-सहा वर्षांनी बदला, ते झिजून नाही, म्हातारे होऊन फुटतात.

मोठा ट्रेलर हवाच असेल, तीन मुलं असतील, कुत्रा असेल, तर मोठा ट्रक घ्या, त्याला दुसरा इलाज नाही. पण छोटा ट्रेलर चालत असेल तर मिडसाइझसारखी मजा नाही, कारण पोचल्यावर ट्रेलर सोडून तोच ट्रक कुठेही जातो. ग्लेशियर नॅशनल पार्कमध्ये गोइंग टू द सन रोडच्या वरच्या भागात 21 फुटांपेक्षा लांब आणि आरशांसकट 8 फुटांपेक्षा रुंद गाडी नेता येत नाही, ट्रेलर जोडलेला असेल तर प्रश्नच मिटला. ट्रेलर कॅम्पग्राउंडला लावा, चाकांना चॉक घाला, टोइंगचे जोड-आरसे काढून मागे ठेवा आणि सकाळी लवकर निघा, त्याच रोडवरच्या लोगन पास खिंडीत पार्किंग फार पटकन भरतं.