आमची वाटचाल : उद्यमबागेतलं ग्लिसरॉल कायनेज

बेळगावच्या उद्यमबागेत शेड घेतली तेव्हा शेजारी फाउंड्री आणि मशीन शॉप, मधे आम्ही रक्तातली चरबी मोजायच्या ट्रायग्लिसराइड किटवाले. शेजारची भट्टी लागली की आमच्या डीप फ्रीझरचा व्होल्टेज पडायचा. म्हणून आधी स्टॅबिलायझर घेतला, मग सोनिकेटर (ध्वनिलहरींनी पेशी फोडायचं यंत्र).

किट म्हणजे एकामागून एक एन्झाइमांची साखळी. लायपेज ट्रायग्लिसराइडमधून ग्लिसरॉल मोकळं करतं, ग्लिसरॉल कायनेज एटीपी (फॉस्फेट पुरवणारा रेणू) खर्चून त्याला फॉस्फेट लावतं, मग ऑक्सिडेज त्यातून हायड्रोजन पेरॉक्साइड काढतं, पेरॉक्सिडेज त्यावर गुलाबी रंग आणतं; रंग जितका गडद तितका आकडा मोठा.

सुरुवातीला कायनेज बाहेरून घेत होतो. एका पुरवठादाराने न सांगता पावडरीऐवजी ५० टक्के ग्लिसरॉलमधला द्राव पाठवला. जे मोजायचं तेच बाटलीत! ५० टक्के म्हणजे सुमारे ६.८ मोलर. लिटरभर रिएजंटमध्ये १ मिली घातला तरी ६.८ मिलिमोलर ग्लिसरॉल, आणि आपला एटीपी जेमतेम १ ते २ मिलिमोलर. बाटल्या कपाटातच लाल झाल्या. अख्खा लॉट फेकला, वितरकांनी पैसे अडवले, बँकेची पत्रं सुरू झाली. पुरवठादार म्हणे, एन्झाइम ग्लिसरॉलमध्येच टिकतं. टिकतं हो, पण या किटला चालतं का? भरपाई आजतागायत नाही.

त्या काळात निपाणीच्या एका लॅबच्या मॅडमनी ऑर्डर थांबवली नाही. त्यांची नजरच वेगळी. सीरम (रक्तातला पातळ द्रव) पाण्यासारखं स्वच्छ आणि ट्रायग्लिसराइडचा आकडा ८०० आला, तर त्या रिपोर्ट सोडत नाहीत; एवढी चरबी असती तर ते दुधाळ दिसलं असतं. आधी टेक्निशियनच्या हाताला ग्लिसरीनचं क्रीम आहे का बघतात. मग लायपेज नसलेला ब्लँक लावून, म्हणजे आधीच मोकळं असलेलं ग्लिसरॉल वेगळं मोजून, तेवढं वजा करतात. क्रीमचा दोष नसताना वजा केल्यावर आकडा एकदम खाली आला, तर जन्मजात ग्लिसरॉल कायनेजची उणीव डोक्यात ठेवायची. ती एक्स गुणसूत्रावरची, म्हणून बहुतेक मुलग्यांत.

शेवटी कायनेज घरीच करायला घेतलं. जिओबॅसिलस या उष्णताप्रेमी जंतूचं कायनेज-जनुक बीएल२१ या ई. कोलाय जंतूत घातलं, ओडी (द्रावाचा गढूळपणा) ०.६ ला आला की आयपीटीजी (जनुक चालू करणारं रसायन), मग रात्रभर २० अंश. घाईने ३७ वर ठेवलं की प्रथिन गोळा होऊन तळाशी बसतं. सोनिकेशन बर्फातच, थांबत थांबत. नंतर ५५ अंशांवर २० मिनिटं; कोलायची बरीच प्रथिनं साकळतात. सगळी नव्हेत. कोलायचं एक कॅटलेज (पेरॉक्साइड तोडणारं एन्झाइम) त्या उष्णतेला दाद देत नाही आणि किटमधलं पेरॉक्साइड गिळून आकडा खाली पाडतं. म्हणून आपलं कायनेज धरून ठेवणारा निकेल कॉलम २० मिलिमोलर इमिडॅझोलने (नको ती प्रथिनं सोडवणारं रसायन) सावकाश धुवायचा. शुद्ध झालेल्या थेंबावर हायड्रोजन पेरॉक्साइड टाका. बुडबुडे आले तर तो लॉट पुन्हा कॉलमवर. शेवटी ट्रेहॅलोज साखरेच्या द्रावात डायलिसिस करून फ्रीझ ड्राय.

जम बसला आणि एका स्पर्धकाने 'म्युटंट कायनेज'ची (जनुकात बदल केलेल्या कायनेजची) जाहिरात करून आमची निम्मी गिऱ्हाइकं नेली. ते म्युटेशन म्हणजे कोलायच्या कायनेजमध्ये ६५ व्या जागी ॲलनीन या अमिनो आम्लाऐवजी थ्रिओनीन. त्याने चार उपघटकांची जुळणी सैल होते आणि पेशीतल्या फ्रुक्टोज १,६-बिसफॉस्फेट या रेणूचा कायनेजवरचा लगाम सुटतो. ग्लिसरॉलवर जंतू वाढवणाऱ्या फर्मेंटरवाल्याला ते सोनं. पण रुग्णाच्या सीरममध्ये हा लगाम लावायला आहे कोण? किटला हवं उन्हाळ्यातल्या एसटी पार्सलमध्ये टिकणारं एन्झाइम. चकचकीत पत्रकाला डॉक्टर भुलतात, काय करणार!

नवीन किट घेताना एवढं करा: नुसत्या रिएजंटचा ब्लँक ५०५ नॅनोमीटरला वाचा, आठवडाभर फ्रीजमध्ये ठेवून पुन्हा वाचा, म्हणजे रंग आपोआप चढतोय का ते कळतं. आणि एटीपी विरघळवल्यावर पीएच ७ ला आणल्याशिवाय साठवू नका. आम्लात तो तुटत जातो आणि मग दोष बिचाऱ्या कायनेजच्या माथी येतो.