श्वासातली सूज मोजली आज

आज फेनो टेस्ट झाली. मशीनमध्ये साधारण 10 सेकंद एकाच वेगाने हळू फुंकायचं, आणि दमेकऱ्याला हळू फुंक म्हणणं म्हणजे काय ते ज्याचं त्यालाच माहीत 😅 श्वासातला नायट्रिक ऑक्साइड मोजतात, मोठ्या माणसात 50 पीपीबीच्या (म्हणजे अब्जात 50 भागांच्या) वर गेला की श्वासनलिकांना इओसिनोफिलवाली (ही एक प्रकारची पांढरी रक्तपेशी) सूज असण्याची शक्यता जास्त, माझा 68! छातीत शिट्टी वाजत नव्हती तरी. आराम देणारा पंप नळ्यांभोवतीचे स्नायू सैल करतो फक्त, सूज उतरवायला स्टेरॉइडचा इनहेलर रोज लागतो, हे डॉक्टरांनी परत चित्र काढून समजावलं (चित्र भयंकर होतं). तेवढ्याने भागलं नाही तर इंटरल्यूकिन-5 (इओसिनोफिल वाढवणारं प्रथिन) अडवणारं मेपोलिझुमॅबचं इंजेक्शन, दर 4 आठवड्यांनी. त्याआधी रक्तातले इओसिनोफिल बघणार, रिपोर्ट परवा.