आमची वाटचाल : निपाणीच्या तंबाखू वखारींबरोबर

आमच्या फर्मचं काम सुरू झालं ते शाकारणीपासून. एप्रिल-मेमध्ये फुटकी कौलं बदलायची, कुजलेल्या रिपा काढायच्या, आढ्यावरची कोनी पक्की करायची. निपाणीत असं काम म्हणजे मुख्यतः वखारींचं, कारण महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवरच्या या गावाची पेठ विडीच्या तंबाखूवर उभी राहिली. १ नोव्हेंबर १९५६ ला गाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात (आजच्या कर्नाटकात) गेलं, तरी पेठेतला व्यवहार मराठीत आणि तंबाखूचाच राहिला. १९८१ साली शेतकरी संघटनेच्या शरद जोशींच्या नेतृत्वाखाली शेतकरी पुणे-बंगळूर रस्त्यावर बसले, तेही तंबाखूच्या भावासाठीच.

वखारीला हात लावण्याआधी ती अशी का बांधली हे समजून घ्यावं लागतं. तंबाखूचं पान फार वाळलं की हातात चुरा होतं, सर्दावलं की बुरशी धरतं. म्हणून जोतं उंच, भिंती दीड-दोन फुटी, आत उजेड कमी. दुसरं कारण कराचं. १९४३ साली तंबाखूवर केंद्रीय अबकारी कर बसला. कर भरल्याशिवाय किंवा परवाना घेतल्याशिवाय माल हलवता येत नसे. त्यामुळे ये-जा एकाच मोठ्या दाराने आणि खिडक्यांना जाड गज, ही रचना सोयीची ठरली. कच्च्या तंबाखूवरचा कर १९७९ साली उठला, पण दारं-गज तसेच राहिले.

छपराचं गणित सांगतो. मंगलोरी कौल अडीच किलोच्या आसपास भरतं आणि एका ब्रासला, म्हणजे शंभर चौरस फुटांना, दीडशे कौलं लागतात. म्हणजे ब्रासमागे पावणेचारशे किलो, भिजल्यावर त्याहून जास्त. हे वजनच कैचीला, म्हणजे छपर पेलणाऱ्या तिकोनी सांगाड्याला, भिंतीवर दाबून धरतं. अनेक मालक कौलं उतरवून पत्रा घालायला सांगतात. पत्र्याचं वजन ब्रासला पन्नास किलोच्या आत. दाब गेला की वळवाच्या वाऱ्यात अख्खं पाखं, म्हणजे छपराची उतरती बाजू, उचललं जातं. म्हणून पत्रा घालायचाच असेल तर प्रत्येक कैचीचं टोक भिंतीत खोलवर लोखंडी पट्टीने जखडल्याशिवाय आम्ही काम घेत नाही. आमचा सल्ला मात्र कौलांचाच असतो. पत्र्याखाली रात्री दव धरतं आणि ते मालावर टपकतं.

कौलं उतरवताना सर्वांत त्रासदायक म्हणजे तंबाखूची भुकटी. वर्षानुवर्षं चाळणी चाललेल्या वखारीत तुळयांवर तिचे जाड थर साचलेले असतात. आधी कोरडीच झाडून पोत्यांत भरायची, तोंडाला मास्क आणि हातात हातमोजे घालून. घाई करून पाणी मारलं तर ओल्या भुकटीतलं निकोटीन कातडीतून अंगात जातं आणि माणसांना मळमळ, चक्कर सुरू होते. शिवाय तिचा तपकिरी रस गिलाव्यात उतरतो. मग कितीही हात रंगाचे मारा, डाग पुन्हा वर येतो. तेवढा गिलावा खरवडून नव्यानेच करावा लागतो.

भिंतीचं दुखणं बहुधा सिमेंटने वाढवलेलं असतं. काळ्या दगडाची, मातीत किंवा चुन्यात बांधलेली भिंत जमिनीतली ओल वर ओढते आणि चुन्याच्या गिलाव्यातून बाहेर सोडते. त्यावर सिमेंट लावलं की ओल आतच अडकते, वरच्या बाजूला खार फुटतो, दोन-तीन पावसाळ्यांत पोपडे निघतात. आम्ही सिमेंट उतरवून भिंत सुकू देतो. कळीचा चुना (भाजलेल्या चुनखडीचे खडे) पाण्यात विरवून किमान दोन आठवडे पाण्याखाली ठेवतो. मग एक भाग चुना, एक भाग सुरखी (विटांची भुकटी), दोन भाग वाळू. एका थराची जाडी दहा-बारा मिलिमीटर, त्याहून जाड लावला तर तडकतो. पुढे दहा दिवस दिवसातून तीनदा पाणी शिंपडायचं. हे काम ऑक्टोबर ते फेब्रुवारीत. उन्हाळ्यात चुना धरण्याआधीच वाळतो.

हल्ली वखारींची दुकानं आणि मंगल कार्यालयं होत आहेत, आणि शटरसाठी भिंत फोडायची मागणी सर्रास येते. कैचीचा सगळा भार भिंतीवर एकाच ठिकाणी उतरतो. त्या जागेखाली कधीच फोडायचं नाही. दोन कैच्यांच्या मधला भाग मोजून खूण करायची. दोन्ही बाजूंनी टेकू द्यायचे, वर आधी लोखंडी तुळई बसवायची, दोन्ही टोकांना तिला किमान नऊ इंच टेकण मिळालं पाहिजे, आणि मगच खालचे दगड वरून खाली एकेक काढायचे.