एकच फोटो तीन ठिकाणी
आजचा अख्खा रविवार हार्डडिस्क साफ करण्यात गेला. लॅपटॉप बदलला की 'बॅकअप', मग 'बॅकअप न्यू', मग 'बॅकअप फायनल', आणि तिन्हीत तेच फोटो, डिस्क भरणार नाही तर काय! ड्यूपगुरू नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात कंटेंट स्कॅन (फाईलच्या आतला डेटा ताडून बघणं) लावला की फाईलचं नाव बदललेलं असलं तरी कॉपी सापडते. पण व्हॉट्सॲपवरून आलेला फोटो त्यात सुटतो, कारण व्हॉट्सॲप फोटो दाबून बारीक करतं आणि कधी काढला ती माहितीही उडवतं, मग पिक्चर मोड लावून दिसायला सारखे फोटो शोधायचे. इथे मात्र डोळ्यात तेल घालून बघा हां, आईच्या साठीला एकामागोमाग काढलेले फोटो त्याने एकच धरले, आणि ठेवायला निवडला कुठला तर मावशीचे डोळे मिटलेला! मूळ फोल्डर आधी 'रेफरन्स' करून ठेवलं की त्यातलं काही उडत नाही, हे लय भारी. बाकी सगळं आधी रीसायकल बिनमध्येच टाकलंय, ते रिकामं केल्याशिवाय जागा सुटत नाही म्हणा. गाण्यांचं फोल्डर पुढच्या रविवारी, तिथे तर एकेक गाणं कमी क्वालिटीच्या 128 केबीपीएसमध्येपण आहे आणि चांगल्या 320 मध्येपण 😅