हातशिलाईची नोंदवही, अधिक ज्येष्ठ २०२६: धुलाई, सुया आणि बारा बटवे

यंदा १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ आहे, त्यामुळे तिथीवर येणारे पुढचे सण लांबले. गणपती १४ सप्टेंबरला, घटस्थापना ११ ऑक्टोबरला. हातशिलाई करणाऱ्यांच्या पदरात महिनाभराचा जादा वेळ पडला आहे. इंदुरात या महिन्याचं पहिलं काम म्हणजे वर्षभर लागणारं सुती कापड आत्ताच धुऊन, वाळवून, इस्त्री करून ठेवणं. जूनच्या मध्यानंतर पाऊस लागला की दोरीवरचं कापड दोन-दोन दिवस ओलसर राहतं आणि त्याला कुबट वास धरतो. घाईला आलं म्हणून कोरंच कापड बेतलं, तर पहिल्या धुण्यात ते आटतं, शिवण चुरगळते आणि अस्तर बाहेर डोकावतं.

कापड

साधं सुती कापड पहिल्या धुण्यात शेकडा तीन ते पाच आटतं, हातमागाचं आणि खादी त्याहून जास्त. म्हणजे ४४ इंच पन्हा (कापडाची रुंदी) धुतल्यावर साडेबेचाळीसच्या आसपास येतो. दोन्ही किनारी अर्धा-अर्धा इंच सोडल्या की बेतायला साडेएक्केचाळीस उरतात. सगळा हिशेब याच आकड्यावर करायचा. शीतलामाता बाजारातून कटपीस घेतलात तर पन्हा दुकानातच टेपने मोजून घ्या; चिठ्ठीवर ४४ लिहिलेलं कापड ४२ सुद्धा निघतं.

धुण्याआधी कापलेल्या दोन्ही कडांना मोठे कच्चे टाके घालावेत, नाहीतर दशा सुटून त्यांचा गुंता होतो आणि इंच-दीड इंच कापड वाया जातं. काळं, लाल, मरून आणि बाघ गावच्या छपाईचं कापड प्रत्येकी वेगळ्या बादलीत, गार पाण्यात. मीठ घालून रंग पक्का होतो असं घरोघरी सांगतात, पण बाजारातून रंगून आलेल्या कापडावर त्याचा भरवसा धरू नये. पाणी नितळ येईपर्यंत धुणं हाच उपाय. मग पांढरं फडकं ओलं करून कापडावर ठेवायचं आणि वरून गरम इस्त्री फिरवायची. फडक्याला रंग लागला तर आणखी एकदा धुवायचं.

आजवर सात तुकडे धुऊन झाले, काळी पॉपलिन अजून बाकी आहे. प्रत्येक तुकड्याला मापाची आणि धुतल्याच्या तारखेची चिठ्ठी दोऱ्याने टाचली आहे. टाचणी मुद्दाम वापरली नाही, पावसाळ्यात ती गंजते आणि गंजाचा ठिपका सुती कापडातून सहज जात नाही.

सुया आणि धागे

सुयांचा एकच मोठा डबा असू नये. नंबर वाढतो तशी सुई बारीक होते, पण सगळ्या एकत्र पडल्या की ७ आणि ९ यांच्यातला फरक डोळ्यांना कळत नाही. फ्लॅनेलच्या चार पानांची छोटी वही शिवून प्रत्येक पानाच्या कोपऱ्यावर नंबर दोऱ्याने काढला: ५ गोधडीला, ७ भरतकामाला, ९ साध्या शिवणीला, १० महेश्वरीसारख्या तलम कापडाला. भरतकामाच्या सुईचं नेढं लांबट असतं, म्हणून त्यात दोन-तीन पदरी धागा सहज जातो. साध्या सुईच्या गोल नेढ्यात तोच धागा ओढून घातला की पिंजतो.

जुन्या सुया निवडताना प्रत्येक सुई नायलॉनच्या तुकड्यातून एकदा ओढून पाहा. जिथे अडेल तिथे टोक मोडलंय किंवा गंज चढलाय. अशी सुई घासूनही ठेवू नका, रेशमात ती तार ओढते. पिनकुशनमध्ये तांदूळ किंवा मीठ भरू नये, दोन्ही ओल धरतात. लोकरीचे बारीक तुकडे सगळ्यात चांगले.

सुती रीळ जुनं असेल तर हातभर धागा ओढून झटका द्यायचा. हलक्या झटक्याने तुटला तर तो कच्च्या टाक्यांनाही चालत नाही, कारण काढताना त्याचे तुकडे कापडात अडकून राहतात. भरतकामाची लडी साधारणपणे आठ मीटर आणि सहा पदरी असते. दोन पदर हवे असतील तर ते एकेक सुटे ओढून मग पुन्हा जोडून घ्यावेत. दोन्ही एकदम ओढले की उरलेल्या चार पदरांची गाठ बसते.

शिवायचा धागा एक हात, म्हणजे अठरा इंच. लांब धाग्याने ओवण्याचा वेळ वाचतो असं वाटतं, पण तोच भाग पुन्हा पुन्हा कापडातून जाऊन झिजतो आणि शेवटच्या वितीत हमखास गाठ पडते. धागा एकदा मेणावरून ओढून दोन कागदांमध्ये धरून गरम इस्त्रीने दाबला की पीळ बसतो. जरीच्या रिळाला मात्र रबर लावू नका. रबरातल्या गंधकाने जरीचा धागा काळा पडतो. मलमलीत गुंडाळून ठेवा.

एका कामाचं एक पुडकं

धागे धाग्यांत आणि लेस लेसांत अशी मांडणी दिसायला छान, पण काम करताना पाच डबे उघडावे लागतात. त्यापेक्षा जुन्या धोतराच्या पिशवीत एका कामाचं सगळं ठेवलेलं बरं: बेतलेले तुकडे, सुई टोचलेला फ्लॅनेलचा चौकोन, पुरेल इतका धागा आणि मापांची चिठ्ठी. रात्री अर्धा तास मिळाला तरी काम थेट हातात येतं. सध्या अशी दोन पुडकी तयार आहेत, तिसऱ्याची पॉपलिन धुवायची राहिली आहे.

पहिलं, संक्रांतीच्या तिळगुळासाठी बारा बटवे. एका बटव्याला ६ × १६ इंच कापड. साडेएक्केचाळीस इंचांत आडवे सहाच तुकडे बसतात. सातवा कोऱ्या कापडावर बसताना दिसतो आणि धुतल्यावर अर्ध्या इंचाने कमी पडतो. सहाच्या दोन ओळी म्हणजे ३२ इंच लांबी, तेव्हा एक मीटर कापडात काम भागतं. कापड कात्रीने न कापता किनारीला छेद देऊन फाडलं की धाग्याच्या रेषेत सरळ फाटतं.

शिवायचं असं. आधी दोन्ही टोकांकडच्या, लांब बाजूंवरच्या दोन-दोन इंच कडा पाव-पाव इंच दोनदा दुमडून तुरपून घ्यायच्या. हीच पायरी बहुतेकजण सोडतात आणि मग नाडी ओवताना दशा तिच्याबरोबर आत ओढल्या जातात. नंतर टोक पाव इंच आत घेऊन पाऊण इंचाचा नेफा (नाडी ओवायची पट्टी) तुरपायचा, तुकडा मधोमध उलटा दुमडायचा आणि तळापासून नेफ्याच्या बरोबर खालपर्यंत दोन्ही बाजूंना अर्ध्या इंचावर उलटी टीप घालायची. नेफ्याच्या तोंडाशी तीन टाके जागच्या जागी, कारण बटवा उघडताना सगळा ताण तिथेच येतो. तयार बटवा पाच इंच रुंद आणि सात इंच उंच. नाड्या दोन, एक उजवीकडून आणि एक डावीकडून, प्रत्येकी सोळा इंच. बारा बटव्यांना ३८४ इंच, म्हणजे पावणेदहा मीटर. दहा मीटर आणावी. आत्तापर्यंत बाराही तुकडे बेतून झाले आणि चार बटवे शिवून झाले.

दुसरं पुडकं महालक्ष्म्यांच्या साड्यांचं. निऱ्या टाचण्यांनी धरण्यापेक्षा कच्च्या टाक्यांनी धरलेल्या बऱ्या. टाचणीचं भोक रेशमात दिसत राहतं. पाच-पाच इंचांच्या सहा निऱ्या घालून वरून एक इंचावर आणि चार इंचांवर अशा दोन ओळी, १० नंबरच्या सुईने, पांढऱ्या सुती एकपदरी धाग्याने. गाठ मारायची नाही, दोन्हीकडे दोन इंच धागा मोकळा सोडायचा. विसर्जनानंतर एक टोक ओढलं की साडी जशीच्या तशी घडीला येते. महेश्वरीची किनार दोन्ही बाजूंनी सारखीच सुबक असते, म्हणून टाके पहिल्यापासूनच बारीक घ्यावेत, उलटी बाजू म्हणून दडवायला जागा नाही.

तिसरं बोरनहाणाचं काळं झबलं, वर्षाच्या बाळासाठी. अर्धा मीटर काळी पॉपलिन पुरते. पुढचा आणि मागचा भाग साडेबारा इंच रुंद आणि सोळा इंच लांब, तयार घेर तेवीस. गळ्याला सव्वा इंचाची उरेब (तिरकी कापलेली) पट्टी. मागे बटणं नकोत, बाळ पाठीवर झोपलं की टोचतात. सात-सात इंचांचे बंद पुरेत. काळ्यावर काळा टाका फक्त दिवसाच्या उजेडात घालावा.

झबल्यावर हलव्यासारखे पांढरे ठिपके दीड-दीड इंचावर, दोन पदरी धाग्याने गाठीच्या टाक्याचे. सुईवर धाग्याचे दोन वेढे घ्यायचे, ते डाव्या अंगठ्याने कापडाला टेकवून धरायचे आणि सुई खाली घालायची, पण जिथून वर आली त्या भोकातून नाही, कापडाचा एखादा धागा सोडून शेजारून. त्याच भोकातून घातली की गाठ सरळ मागे निघून जाते आणि पुढे काहीच उरत नाही. नवीन माणसाच्या बऱ्याच गाठी याच कारणाने पळतात. वेढे सैल असतील तर ठिपक्याऐवजी फास दिसतो. धागा डाव्या हाताने ताणून धरूनच सुई ओढावी. कापड धुऊन रंग नितळ झाल्याशिवाय हे ठिपके घेऊ नका, काळा रंग पांढऱ्या धाग्यात उतरला तर परत निघत नाही.

नवरात्राचं तोरण अजून कागदावरच आहे. दार ४२ इंच, पानं सात, प्रत्येक पान पाच इंच रुंद. मधली सहा अंतरं मिळून सात इंच उरतात, म्हणजे प्रत्येकी सव्वा इंचाहून थोडं कमी. त्याचं कापड धुऊन ठेवलं आहे, पण गोंड्यांची लोकर आणि अस्तर अजून आणायचं आहे. अस्तर १० जूनच्या आत आणलं तरच ते पावसाआधी धुऊन वाळेल, लोकर मागाहून आली तरी चालेल.