आम्ही सुखरूप आहोत

मूर, ओक्लाहोमा. आज संध्याकाळी सायरन वाजले. शनिवारी दुपारी बाराला चाचणीचे वाजतात तसे नव्हे, खरेखुरे. फोनवर टोर्नेडो वॉर्निंग येताच मुलांना बूट आणि सायकलची हेल्मेटं घालून शेल्टरमध्ये उतरवलं. या गावात कुणी हयगय करत नाही. २० मे २०१३ च्या ईएफ-५, म्हणजे सर्वांत तीव्र श्रेणीच्या टोर्नेडोत इथं २४ जण गेले, त्यांतली सात मुलं एकाच शाळेतली. मेक्सिकोच्या आखाताकडून दमट वारा आणि पश्चिमेकडून कोरडा आला की एप्रिल-मे आमचा असाच धाकधुकीत जातो. हवामानतज्ज्ञ वादळाच्या वाटेतल्या एकेका रस्त्याचं नाव घेत होते. आमचा रस्ता आला तेव्हा लेकीनं माझा हात घट्ट धरला. आता वॉर्निंग संपलीय. शेजारच्या आजींकडे वीज नाही, त्यांना जेवायलाच बोलावलंय. आई, काळजी करू नकोस, रात्री फोन करते.