वारा नसताना माड हलायचा थांबला – ॲन्टी-एलियासिंगचं काम कुठवर आलंय

मागच्या आठवड्यात भाचा आला होता, त्याला मी कॉम्प्युटरवर बनवतोय तो 3डी सीन दाखवला, फोंड्याकडचं कौलारू घर, समोर चिऱ्यांचा गडगा, चार माड, वर विजेच्या तारा. तो दोन मिनिटं बघत राहिला आणि म्हणाला, "मामा, वारा नाही तरी माड कसा हलतो?" मी वाऱ्याचा कोड अजून लिहिलेलाच नाही. कॅमेरा हळू पुढे सरकत होता आणि झावळ्यांच्या कडा लुकलुकत होत्या, तेच त्याला हलणं वाटलं. स्क्रीनशॉटमध्ये हे कधी कळतच नाही, चालायला लागलं की कळतं. म्हणून बाकीचं सगळं बाजूला ठेवून हेच धरलं.

मूळ गोष्ट साधी आहे. पिक्सेल हा छोटा चौकोन, पण ग्राफिक कार्ड त्याच्या मधल्या एकाच बिंदूवर विचारतं की इथे कौल आहे की आभाळ. उत्तर हो किंवा नाही, म्हणून तिरक्या कडेच्या पायऱ्या होतात, आणि कॅमेरा केसभर सरकला की ती उत्तरं बदलतात. ह्या पायऱ्या आणि हे लुकलुकणं घालवणं म्हणजेच ॲन्टी-एलियासिंग.

आधी एफएक्सएए (फास्ट ॲप्रॉक्सिमेट ॲन्टी-एलियासिंग) लावलं कारण ते एका संध्याकाळीत होतं. टिमोथी लॉट्स यांनी 2009 मध्ये एनव्हिडियात असताना लिहिलेलं, तयार चित्रातला उजेडाचा फरक बघून कडा शोधतं आणि मऊ करतं. माझी चूक अशी झाली की टोनमॅपिंगच्या, म्हणजे सीनमधला अफाट उजेड स्क्रीनला झेपेल एवढा दाबण्याच्या, आधीचं कच्चं (लिनियर) चित्र त्याला दिलं, मग अंधारातल्या कडा त्याला दिसेचनात. टोनमॅप आणि गामा (स्क्रीनसाठी उजेडाची शेवटची दुरुस्ती) झाल्यानंतर आणि मेनूची अक्षरं काढायच्या आधी लावलं तेव्हा नीट चाललं. पण तार जर दोन पिक्सेलच्या मधे पडून चित्रातून गेलीच असेल तर ती एफएक्सएए कुठून आणणार? तारा तुटक त्या तुटकच राहिल्या.

मग एमएसएए 4एक्स (मल्टिसॅम्पल ॲन्टी-एलियासिंग). पिक्सेलमध्ये चार ठिकाणी (ही चार सॅम्पल) विचारतं पण रंगाचा हिशेब एका त्रिकोणासाठी एकदाच करतं, म्हणून चारपट रेंडर करण्यापेक्षा खूप स्वस्त. मेमरी मात्र लागते, 1080पीला 16 बिटच्या एचडीआर बफरचे (भरपूर उजेड मावणारं चित्र ठेवायची जागा) साडेसोळा एमबी होतात, चार सॅम्पलचे 66, वर डेप्थचे (कुठली गोष्ट किती लांब त्याची नोंद) 33. माझं कार्ड 4 जीबीचं आहे, चाललं.

लावलं तरी कौलांची आभाळाला लागलेली कड तशीच दातेरी! इथे माझे तीन दिवस गेले, त्यात दोनदा पावसात लाईट गेली ती वेगळीच. शेवटी वहीत आकडे मांडले तेव्हा उलगडलं. माझ्या आभाळाच्या उजेडाची किंमत 12, कौलाची 0.1. चारातलं एक सॅम्पल आभाळ आणि तीन कौल असतील तर सरासरी येते 3.075. त्यावर राइनहार्ड टोनमॅप, म्हणजे उजेड/(1+उजेड), केला की 0.75, आणि पूर्ण आभाळ 0.92. म्हणजे पाव भाग आभाळ असलेला पिक्सेल जवळजवळ आभाळासारखाच पांढरा दिसतो, मधली छटा उरतच नाही. उपाय असा की सरासरी काढताना प्रत्येक सॅम्पलला 1/(1+उजेड) एवढं वजन द्यायचं. तेच आकडे घालून बघा, टोनमॅपनंतर उत्तर 0.30 येतं, जे यायला हवं तेच. शेडरमध्ये (ग्राफिक कार्डवर चालणारा कोड) दोन ओळींचा बदल, आणि छपराची कड अशी सरळ झाली की मी रात्री साडेबाराला बायकोला उठवून दाखवली.

माडाचं दुखणं वेगळं. झावळी, आम्ही चुडत म्हणतो, म्हणजे एका सपाट पत्र्यावर चिकटवलेलं टेक्स्चर (चित्र), आणि पात्यांच्या मधल्या फटी अल्फा टेस्टने कापलेल्या, म्हणजे जिथे अल्फा (अपारदर्शकपणा) कमी तिथे काही काढायचंच नाही. ती कड त्रिकोणाची नाहीच, म्हणून एमएसएएला ती दिसत नाही. तिथे अल्फा-टू-कव्हरेज चालू केलं, म्हणजे अल्फानुसार चारातली किती सॅम्पल भरायची ते ठरतं. जवळचे माड लगेच सुधारले पण लांबचे टकले दिसायला लागले, कारण मिपमॅप (लांबून बघायला केलेल्या टेक्स्चरच्या लहान प्रती) लहान होताना पातं आणि फट यांची सरासरी होऊन अल्फा पडतो. आता प्रत्येक मिपला अल्फा एवढा वाढवतो की मूळ टेक्स्चरमध्ये जेवढा भाग भरलेला होता तेवढाच तिथेही भरलेला राहील. माझ्या मते सगळ्यात जास्त फरक ह्यानेच पडला. झाडं असलेला सीन ज्यांचा आहे त्यांनी एमएसएएच्या आधी मिपमॅप तपासा.

तारांना ग्राफिक्स प्रोग्रॅमर एमिल पर्सन यांची युक्ती वापरली, तार एका पिक्सेलपेक्षा बारीक होऊच द्यायची नाही, आणि जेवढी फुगवली तेवढी ती पारदर्शक करायची. खांबापासून खांबापर्यंत सलग दिसते आता.

खिडकी राहिली होती. जुन्या घरातली शिंपल्यांच्या तावदानांची, लाकडी चौकटीत छोटे छोटे चमकणारे चौकोन. तिथे कड नाही, चकाकीच लुकलुकते, आणि एमएसएए रंग एकदाच मोजत असल्यामुळे त्याचा काही उपयोग नाही. लांबून एका पिक्सेलमध्ये नॉर्मल (पृष्ठभाग कुठे तोंड करून आहे त्या दिशा) जेवढे विखुरलेले तेवढा खडबडीतपणा वाढवला, टोक्सविग यांच्या पद्धतीने. चकाकी थोडी मंद झाली पण शांत झाली, आणि खरा शिंपला तसाही काचेसारखा डोळ्यांवर मारत नाही.

टीएए (टेम्पोरल ॲन्टी-एलियासिंग) दोन दिवस करून बघितलं. दर फ्रेमला कॅमेरा पिक्सेलच्या आतल्या आत हलवून मागच्या फ्रेममध्ये मिसळायचं, थांबलेलं चित्र फार सुंदर येतं. पण रस्त्यावरून जाणाऱ्या स्कूटरच्या मागे भुताची शेपटी राहते, आजूबाजूच्या नऊ पिक्सेलच्या रंगांत जुना रंग कोंबला की ती कमी होते पण झावळ्या पुसट होतात. माझ्या सीनमध्ये झावळ्या आधी, म्हणून सध्या बंद ठेवलंय.

काल सीनमधल्या आतल्या खोलीत चवथीची माटोळी (गणपतीच्या वर टांगतात ती) टांगली, बारीक रिपांची जाळी, त्यात सुपाऱ्यांचे घोस, नारळ, तोरींजन, खाली समईचा उजेड. रिपा सरळ दिसतायत. त्यांच्या सावल्या भिंतीवर अजून पायऱ्या पायऱ्यांच्या पडतायत, शॅडो मॅपवर आज रात्री बसतो.